दुकान चोख, गिऱ्हाईक बेभरवशाचं

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते ओघात येईलच.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, धान्याच्या पेढ्यांच्या मागच्या गल्लीत प्रचार साहित्याचं एक दुकान आहे. नाव देत नाही, मालकांनीच तसं बजावलंय. "ताई, नाव टाकलासा की हे म्हणणार त्यांचा माणूस, ते म्हणणार ह्यांचा. आमाला गिऱ्हाईक समदंच लागतंय." ज्याला गरज आहे त्याला तिथला कुठलाही हमाल बोट करून दाखवेल.

मी करसल्लागार आहे. वर्षभर जीएसटी आणि रिटर्न, आणि निवडणूक लागली की कुठल्या ना कुठल्या उमेदवाराची खर्चाची वही टेबलावर येऊन पडते. पक्ष मी बघत नाही, फी बघते. ज्यांनी ही वही कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. विधानसभेला उमेदवाराची मर्यादा 40 लाख, लोकसभेला 95 लाख. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. एका माणसाला रोखीनं दहा हजारांच्या वर द्यायचं नाही. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा सगळा हिशोब निकालानंतर 30 दिवसांत सादर करायचा. आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीचं स्वतःचं दरपत्रक असतं. त्यात खुर्ची, मांडव, चहा, नाष्टा, झेंडा, टोपी, उपरणं, सगळ्याचा भाव ठरलेला. तुम्ही सात रुपयांचं बिल लावलं आणि त्यांच्या पत्रकात दहा असेल, तर निरीक्षकाच्या माणसासमोर उत्तर द्यायची पाळी माझ्यावर येते.

त्यामुळे प्रचार साहित्याचं दुकान मी बिलावरून जोखते. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी "प्रचार साहित्य, 1 लॉट" एवढं खरडून देतात. इथलं बिल वाचण्यासारखं असतं. तारीख, कापडाचा प्रकार, माप, नग, दर, कुठलं चिन्ह, नाव छापलंय की कोरं. पत्रकं-पोस्टरं हवी असतील तर छपाईवाला त्यांच्या ओळखीचा आहे. तो मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि प्रतींचा आकडा टाकल्याशिवाय कागद यंत्रावर चढवत नाही, कारण कायद्यानं ते लागतंच. साड्यांची ऑर्डर घेत नाहीत. साडी, शर्ट असलं अंगभर कापड वाटलं की ती मतदाराला लाच धरली जाऊ शकते, टोपी-उपरणं चालतं. एकदा एक साहेबांचा पुतण्या माझ्यासमोर "पाचशे साड्या, काठाला चिन्ह" म्हणत बसला होता. मालकांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मालाबद्दल. उपरणं दोन जातींचं. सॅटिनचं चकचकीत, फोटोत उठून दिसतं, पण मानेवर टिकत नाही, सारखं घसरतं. सभेत नेता बोलताना एका हातानं माईक आणि एका हातानं उपरणं धरून उभा दिसला की समजायचं, सॅटिन आहे. सुती जाड, घाम पितं, कार्यकर्त्याला दिवसभर गळ्यात वागवायला बरं, फक्त महाग. काठ ओव्हरलॉक केलेले असतात, दोरे लोंबत नाहीत. चिन्हाची छपाई स्क्रीनची आहे, बोटानं घासली तरी सुटत नाही. गाडीवरच्या झेंड्याला नेफा दुहेरी शिवतात, हे मला फार आवडलं, कारण एकेरी नेफ्याचे झेंडे पुण्याच्या हायवेला लागेपर्यंत काठीवरून उडून जातात आणि मग उमेदवार माझ्याकडे बघतो, जणू मीच शिवले होते.

आता दुकानाची खरी खासियत. भिंतीला उभे लोखंडी कप्पे आहेत. पूर्वी त्यांच्यावर पक्षांची नावं होती: काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप, शेकाप, स्वाभिमानी. ती नावं आता खरवडून काढलीत. त्या जागी चिन्हं लिहिलीत: हात, घड्याळ, तुतारी, मशाल, धनुष्य, कमळ. 2022 च्या ऑक्टोबरात निवडणूक आयोगानं धनुष्यबाण गोठवला तेव्हा दुकानात त्या चिन्हाच्या भगव्या कापडाचे गठ्ठे पडून होते. उद्धव ठाकरेंकडे मशाल गेली, एकनाथ शिंदेंकडे ढाल-तलवार. दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच काउंटरला आले. मागच्या खोलीत शिवणाऱ्या बायका धनुष्यावर मशालीचा तुकडा टाचत होत्या आणि शेजारच्या मशीनवर त्याच धनुष्यावर ढाल-तलवार बसत होती. पुढे 2023 च्या फेब्रुवारीत धनुष्य शिंदेंना मिळालं, तेव्हा ढाल-तलवारीचे तुकडे परत उसवायला ऑर्डर आली. उसवण्याचा दर शिवण्यापेक्षा जास्त. बाईंचं म्हणणं, उसवताना कापड जपावं लागतं.

माल परत घेण्याचे नियमही ह्या सगळ्यातून शिकून केलेत. कोरं, म्हणजे फक्त रंग आणि चिन्ह असलेलं उपरणं बांधलेल्या गठ्ठ्यात असेल तर परत घेतात, थोडी कट लावून. उमेदवाराचं नाव किंवा वरच्या नेत्याचा फोटो छापला की परत नाही. म्हणून मालक स्वतःच सल्ला देतात की अर्ज माघारीचा दिवस जाईपर्यंत नाव छापू नका. धंद्याच्या दृष्टीनं हा सल्ला त्यांच्याच मुळावर येणारा, तरी देतात. 2024 ची विधानसभा आठवा. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना उमेदवारी दिली, मग ती बदलून मधुरिमाराजेंना दिली आणि 4 नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या घटकेला, त्यांनी अर्ज काढून घेतला. मतदानयंत्रावर हातच नाही. लाटकर अपक्ष, चिन्ह प्रेशर कुकर, आणि काँग्रेसचा पाठिंबा त्यांना. त्याच्या आधी काही दिवस त्याच मतदारसंघातल्या काँग्रेसच्या मावळत्या आमदार जयश्री जाधव शिंदेंच्या शिवसेनेत गेल्या होत्या. दिवाळीच्या त्या आठवड्यात ज्यानं नाव छापून घेतलं नव्हतं तो वाचला.

पक्षप्रवेशाच्या ऑर्डरीचा ह्या दुकानात वेगळा खाक्या आहे. पैसे पूर्ण, आगाऊ, बँकेतून. ऑर्डर येते ती बहुधा रात्री. मालकांना बातमी पेपरवाल्यांच्या आधी कळते आणि ते तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, हे मी स्वतः अनुभवलंय. माझ्याच एका पक्षकाराचा प्रवेश मला सकाळी टीव्हीवर कळला, त्याची उपरणी मात्र आदल्या रात्री बांधून तयार होती. कुणासाठी, कुठं, कशाला, असलं काही मालक विचारत नाहीत. विचारतात फक्त, "किती?"

त्यांच्या मते सगळी ग्यानबाची मेख त्या आकड्यात आहे. पन्नास उपरणी म्हणजे साहेब, मेहुणे, दोन कंत्राटदार आणि फोटोपुरती माणसं. दोन हजार म्हणजे गावागावातले सोसायटीचे चेअरमन, दूध संस्थेची पोरं, सरपंच, सगळी बरोबर निघाली. "पन्नासवाला कशाला गेला ते त्यालाच ठावं. दोन हजारवाल्याला माणसांनी इचारलेलं असतंय, का जातोयस." मला हे अर्धंच पटतं. आमच्या भागात साखर कारखाना आणि जिल्हा बँक ज्याच्या हातात, त्याच्या मागे दोन हजार माणसं यायला तासभर लागतो. ऊस तोडून न्यायचा की नाही हे ज्याच्या चिठ्ठीवर, त्याला "का जातोयस" विचारायची कुणाची टाप? त्यामुळे मोठा गठ्ठा दिसला की लोकांचा कौल दिसला, असं मी मानत नाही.

शिवाय कप्प्याकडे बघून सगळं कळतं असंही नाही. कागलचंच घ्या. हसन मुश्रीफ आयुष्यभर शरद पवारांचे म्हणून ओळखले गेले आणि 2023 च्या जुलैत अजित पवारांबरोबर सरकारात गेले. पण घड्याळ अजित पवारांकडे राहिलं, त्यामुळे मुश्रीफांच्या माणसांना एक वार नवीन कापड लागलं नाही. त्यांच्यासमोर समरजितसिंह घाटगे 2024 च्या सप्टेंबरात भाजप सोडून शरद पवारांकडे आले. त्यांच्याकडे मात्र सगळं कापड नवं. गळ्याकडे बघणाऱ्याला वाटणार घाटगेंनी बाजू बदलली आणि मुश्रीफ जागच्या जागी. खरं तर हललेले दोघंही. निकाल मुश्रीफांच्या बाजूनं गेला.

कायद्याचीही तीच तऱ्हा. 1967 साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि "आयाराम गयाराम" सगळ्या देशाला मिळालं. 1985 मध्ये घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा आला. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. 2003 मध्ये ती पळवाट बुजवली, आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला दोन तृतीयांश लागतात. किरकोळीला बंदी आणि घाऊकीला सूट, ही ह्या कायद्यावरची जुनी टीका आहे आणि ती ह्या दुकानात उभं राहून ऐकली की जास्त पटते. गोव्यात 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले: बरोबर दोन तृतीयांश, एकही नग जास्त नाही. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घातल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात 11 पैकी 8 गेले. आपल्याकडे शिवसेनेतली फूट जून 2022 ची. अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 ला, आणि अपात्र कुणीच ठरलं नाही. निर्णय देणारे राहुल नार्वेकर स्वतः शिवसेना, राष्ट्रवादी करत भाजपमध्ये आलेले. म्हणजे मतदारानं कायद्याकडे बघून काही ठरवायचं म्हटलं तर दीड वर्षाची थप्पी नुसती पुढ्यात पडते.

मग विश्वास ठेवायचा का? लोक मला हा प्रश्न विचारतात, कारण त्यांना वाटतं वही माझ्याकडे म्हणजे आतली गोष्ट मला ठाऊक. वहीत हेतूचा रकाना नाही. "मतदारसंघाच्या विकासासाठी" हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की टाईप करून ठेवावं. माणसाच्या मनात शिरायचा खटाटोप मी सोडून दिलाय. मी दोनच गोष्टी बघते: जाताना काय सोडलं, आणि पोचल्यावर किती दिवसांत काय मिळालं.

नारायण राणे 2005 मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा त्यांनी आमदारकी सोडली आणि काँग्रेसच्या चिन्हावर मालवणची पोटनिवडणूक लढवून जिंकली. त्यांच्याबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, लोकांपुढे परत गेले. उदयनराजेंनी 2019 च्या मेमध्ये राष्ट्रवादीच्या चिन्हावर साताऱ्याची खासदारकी मिळवली, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक हरले. शरद पवारांची ती पावसातली सभा त्याच निवडणुकीची. सातारकरांनी पाडलं, आणि पुढे 2024 मध्ये कमळावर निवडूनही दिलं. (त्या वेळी शरद पवारांच्या पक्षाच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' ह्या चिन्हासारख्याच नावाचं चिन्ह एका अपक्षाला मिळालं होतं. त्यानं जितकी मतं खाल्ली त्यापेक्षा उदयनराजेंचं मताधिक्य कमी होतं. चिन्ह छापताना जाड रेघेत छापा असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.) ह्या दोघांनी निदान पद टेबलावर ठेवून परत लोकांपुढे उडी मारली. अशोक चव्हाणांनी 2024 च्या फेब्रुवारीत आमदारकीसकट काँग्रेस सोडली, दुसऱ्या दिवशी भाजपमध्ये गेले आणि तिसऱ्या दिवशी राज्यसभेची उमेदवारी जाहीर झाली. बेकायदा त्यात काहीही नाही. पण माझ्या वहीत लागोपाठच्या तीन तारखांना अशा तीन नोंदी आल्या तर मी पेन्सिलनं गोल करेन.

चौकशीचा मुद्दाही आहेच. इंडियन एक्सप्रेसनं 2024 च्या एप्रिलमध्ये छापलं होतं की 2014 नंतर केंद्रीय यंत्रणांची चौकशी मागे असताना भाजपकडे गेलेल्या विरोधकांपैकी 25 जणांत 23 जणांना दिलासा मिळाला, म्हणजे प्रकरण बंद झालं किंवा थंड पडलं. आणि हर्षवर्धन पाटील 2021 मध्ये मावळात व्यासपीठावरून हसत हसत बोलून गेलेच होते की भाजपमध्ये आल्यापासून चौकशी नाही, काही नाही, शांत झोप लागते. नंतर 2024 मध्ये ते तुतारीकडे गेले. इंदापूरनं त्यांना 2019 ला कमळावर पाडलं होतं, 2024 ला तुतारीवरही पाडलं, दोन्ही वेळा दत्तात्रय भरणेंकडूनच.

मतदार भोळा आहे असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्या जिल्ह्यातले तेव्हाचे दोन्ही खासदार, कोल्हापूरचे संजय मंडलिक आणि हातकणंगल्याचे धैर्यशील माने, 2022 च्या जुलैत एकाच झपाट्यात शिंदेंकडे गेले. उडी एकच, महिना एकच. 2024 ला मंडलिक शाहू छत्रपतींकडून हरले आणि माने थोडक्यात का होईना निघाले. गुवाहाटीहून "काय झाडी, काय डोंगार" म्हणत घराघरात पोचलेल्या शहाजीबापूंना सांगोल्यानं घरी बसवलं. उलट मुंबईत कालिदास कोळंबकर शिवसेनेवर निवडून आले, काँग्रेसवर आले, भाजपवर आले. वडाळ्याच्या माणसांना कपडा बदललेला दिसलाच नाही, कारण काम घेऊन गेलं की दारात भेटणारा माणूस तोच. मला वाटतं लोक पक्षांतराला शिक्षा करत नाहीत, गृहीत धरल्याची करतात. हे माझं मत. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, "शिक्षा-बिक्षा काय न्हाई ताई, शेवटच्या दोन रात्रीचा ख्योळ असतोय समदा." दोन रात्रींचा खर्च मात्र पांढऱ्या पानावर कधीच येत नाही, त्यामुळे मी गप्प बसते.

परत दुकानाकडे. कापलेला तारा रंगासाठी. तांबडा आणि भगवा दोन्ही पहिल्या घामाला सुटतात, सुतीत जास्तच. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर डाग पडले की जात नाहीत, आणि नव्या पक्षात गेलेल्या माणसाच्या कॉलरवर जुना रंग राहिला तर टवाळी होते. असा फोटो फिरताना मी पाहिलाय. मालकांना सांगितलं. म्हणाले, मिठाच्या पाण्यातून काढा. गर्दीच्या दिवसांत फोन उचलत नाहीत, स्वतः जावं लागतं. व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवतात तो नीट वाचून घ्या. आडनावाची वेलांटी चुकली तर जबाबदारी तुमची, आणि छापून झालं की परत नाही हे वर आलंच.

भावात घासाघीस हजार नगांच्या पुढेच ऐकतात. दुपारी दोन ते चार बंद. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, टेम्पो सकाळी लवकर आणलात तरच दाराशी लागतो. उधारी कुणालाही नाही, अगदी मंत्र्याच्या चिठ्ठीवरही नाही. कारण विचारलंत तर मालक गल्ल्याखालून जुनी वही काढून एक पान दाखवतात. एका माजी जिल्हा परिषद सदस्याचं ते खातं आहे. अर्ध्या पानावर घड्याळाचा माल, अर्ध्यावर कमळाचा, खाली बेरीज. घड्याळवाले म्हणतात तो आता तिकडे गेला, तिकडून घ्या. तिकडचे म्हणतात ही बाकी आमच्यात यायच्या आधीची.